बांधलेल्याचं बोलणं

दियानोराला कळलं ते नवऱ्याच्या उलटीच्या वासाने. आदल्या दिवशी त्याने कापलेल्या डुकराचं अर्धं धूड एकट्याने उचलून आकड्याला टांगलं होतं. मदतीला बेर्तो गडी येईपर्यंत थांबायला याला कुठली सवड! संध्याकाळी मसुराचे दोन घास खाऊन ताटावरून उठला आणि रात्रभर ओकत राहिला. सकाळी ती घमेलं उचलायला गेली, तेव्हा जो वास खालून यायचा तो वरून आलेला होता. शस्त्रवैद्याच्या घरात एवढी वर्षं काढलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

"कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नका. तो पट्टा काढा आधी."

लिबेरातोने सदरा वर केला. कमरेचा चामडी पट्टा तिच्या ओळखीचा होता. पाठ दुखते म्हणून बांधतो, असं त्याने तिला सांगितलं होतं आणि तिने ते खरं धरलं होतं. दुसऱ्यांचे अंतर्गळ कापण्यात ज्याचा जन्म गेला, तो स्वतःचा अंतर्गळ बायकोपासून लपवेल असं कुणाच्या मनात तरी येईल का? पट्टा सुटला आणि जांघेतला फुगवटा दिसला. कोंबडीच्या अंड्याहून मोठा, लालभडक, कातडी ताणून चकाकणारा.

"आतडं अडकलंय," तो म्हणाला. "रात्रभर दाबून बघितलं. पाय भिंतीला वर लावले, गरम फडकी ठेवली, सगळं झालं. आत जात नाही."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या कुणाचं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. अंतर्गळ मोकळा असेल तर प्रेची गावातला कुणीही कापतो. आत आतडं अडकून बसलं असेल तर कुणी हात लावत नाही. घरच्यांना बाजूला घेऊन 'पाद्रींना बोलवा' म्हणतात आणि आपलं खेचर जोडतात. लिबेरातोनेही असं खेचर किती वेळा जोडलं असेल कुणास ठाऊक.

आता प्रेचीबद्दल थोडं सांगायलाच हवं. खालच्या खोऱ्यातले लोक चिडवतात की या गावच्या पोराला आईच्या पोटातूनच दोन गोष्टी येतात, डुक्कर खारवणं आणि माणूस कापणं. चिडवणाऱ्यांचा स्वतःचा मूतखडा अडला की मात्र टोप्या हातात धरून हेच डोंगर चढून येतात. चिडवण्यात खोटं काही नाही म्हणा. गावाचं सगळं ज्ञान डुकरातूनच आलेलं. बाप डुकराचं पोट उघडून पोराला दाखवायचा, हे आतडं, ही मूत्राची पिशवी, आणि पोरगा मोठा झाला की तेच माणसात शोधायचा. परुजाच्या विद्यापीठातले लांब झग्यांचे डॉक्टर यांना कसाई म्हणत. ते स्वतः उंच खुर्चीत बसून जुनं पुस्तक वाचत आणि कापायचं काम खाली उभ्या न्हाव्याला सांगत; रक्ताला हात लागला तर झगा बाटेल ना!

लिबेरातो या दोघांतही बसत नव्हता. तरुणपणी रोममध्ये एका धर्मबंधूंच्या इस्पितळात कामाला होता, तिथे बेवारशी प्रेतं उघडून बघायची त्याला परवानगी मिळाली. थंडीचे तीन मोसम तो त्या तळघरात राहिला. पुस्तक नाही, डुक्कर नाही, समोर फक्त माणूस. तिथे त्याला ते सापडलं, ज्याला तो 'दार' म्हणायचा. पोटाच्या भिंतीला खालच्या अंगाला एक दार असतं. आतडं त्यातून बाहेर डोकावतं आणि दाराची चौकट त्याचाच गळा आवळते. "चौकट एका बाजूने जराशी कापायची," तो दियानोराला सांगायचा, "आणि पाहुण्याला आल्या वाटेने घरी धाडायचं. अडकलेला माणूसही जगेल गं!" हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की तिला त्याचा रागही यायचा आणि कीवही. कारण पाणवठ्यावर बायका तिला 'मढी फाडणाऱ्याची' म्हणत. ते दार त्याने प्रेतांमध्ये कितीदा तरी उघडलं होतं, पण जिवंत माणसात एकदाही नाही. रोग्याचं धाडस होत नव्हतं आणि खरं बोलायचं तर त्याचंही होत नव्हतं.

"सांतेदादांना बोलावते," दियानोरा म्हणाली.

"दुसरं आहे कोण?" लिबेरातो म्हणाला आणि पुन्हा घमेल्यावर वाकला.

दुसरं खरंच कुणी नव्हतं. त्या मोसमात गावातले सगळे कापणारे रोमला, नापोलीला आपापल्या गिऱ्हाइकांकडे उतरलेले. मागे राहिला होता तो लिबेरातोचा थोरला भाऊ सांते. त्याला प्रवासाचा कंटाळा आणि डुकरांची आवड. हात मात्र बापासारखा चपळ. आजवर एकाही प्रेताला त्याने सुरी लावली नव्हती, आणि याचा त्याला अभिमान होता.

सांते आला तो शिव्या देतच. घाबरला की तो असाच ओरडायचा.

"गाढवा, डुक्कर एकट्याने उचलायला तुला सांगितलं होतं कुणी? बेर्तो काय मेला होता? आणि हा अंतर्गळ किती दिवस दडवलास रे? सगळ्या जगाला शहाणपण शिकवतोस!"

"दादा, ओरडून झालं की सांग. मला वेळ नाही."

सांतेने फुगवट्यावर हात ठेवला. हलकेच दाबला, कान लावला, पुन्हा दाबला. दियानोरा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचं ओरडण्याचं सगळं अवसान हळूहळू गळून गेलं.

"मी पाद्रींना निरोप धाडतो, लिबो," तो अगदी हळू म्हणाला.

"पाद्री येऊ दे. पण आधी तू काप."

"अडकलेला कापत नाहीत! बाबांनी कधी कापला?"

"बाबांनी दार पाहिलं नव्हतं. मी पाहिलंय. तुला सांगतो, ऐक." आणि त्या फिकट, घामेजल्या माणसाने घमेलं मांडीवर धरून भावाला धडा दिला. कातडी कुठे उघडायची, बाहेर आलेल्या आतड्यावरची पिशवी कशी ओळखायची, दाराच्या कडेला बोट कसं घालायचं, बोटाच्या आधाराने सुरीचं टोक बाहेरच्या बाजूला कसं वळवायचं. आतल्या बाजूला नाही, तिथे मोठी रक्तवाहिनी आहे. मग आतडं पोटात लोटायचं. "आणि ते सगळं आत गेल्यावरच पिशवीला दोरा घालायचा. दादा, एवढं एक लक्षात ठेव. पिशवीत आतडं असताना दोरा आवळलास तर मी मेलो."

"दोरा मला शिकवू नकोस," सांते म्हणाला. "दोरा मी तुझ्याआधी घातलाय. पिशवी, वृषण, सगळं एका गाठीत. एक गोळी जाते, माणूस राहतो."

"गोळी घे हवी तर. आतडं नको."

"हो हो."

ते 'हो हो' दियानोराला मुळीच आवडलं नाही. बाजारात घासाघीस संपवायला म्हणतात तसं होतं ते.

सांते फळा आणायला गेला. बेर्तो आणि मांस खारवणारा दुसरा एक गडी दोर घेऊन आले. त्यांची पाठ वळताच लिबेरातोने बायकोचं मनगट धरलं. त्याचा तळवा बर्फासारखा गार होता.

"नोरा, तू माझ्या डोक्याशी उभी राहा."

"मी? बायकांना आत येऊ देत नाहीत."

"माझ्या घरात मी देतो. पण एक शपथ घे. एकदा मला बांधलं की मी काहीही बोललो तरी मधे पडायचं नाही. आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे हा, बाबांनी सुरीच्याही आधी शिकवला. बांधलेल्याचं ऐकायचं नाही."

नियम तिला ठाऊक होता. भिंतीपलीकडून तिने तो कितीदा ऐकला होता. म्हणजे आतला माणूस ओरडत असायचा आणि त्याला कुणीच उत्तर देत नसायचं.

"माणूस बांधला की त्याच्या तोंडून तो बोलत नसतो," लिबेरातो म्हणाला. "दुखणं बोलतं. आणि दुखणं फार हुशार असतं बघ. एक गवंडी होता मूतखड्याचा. निम्मं कापून झाल्यावर म्हणतो कसा, 'वैद्यबुवा, थांबा, थांबा, खडा आपोआप पडला, आत्ताच जाणवलं मला!' किती साळसूदपणे म्हणाला! बाबा थांबले असते तर रक्त जाऊन मेला असता. एका बाईने शपथेवर सांगितलं की दुखणं दुसऱ्या बाजूला आहे. सगळे खोटं बोलतात, नोरा. मीही बोलेन. तू ऐकायचं नाहीस."

"नाही ऐकणार."

"संत युतिझिओची शपथ."

"संत युतिझिओची शपथ," ती म्हणाली.

फळा तिरका लावला, पायांकडून उंच, डोक्याकडून खाली, म्हणजे आतडी छातीकडे ओघळतात. लिबेरातोला त्यावर निजवलं. बेर्तोने घोटे बांधले, मांड्या बांधल्या, हात फळ्याखालून आणून मनगटं बांधली, छातीवरून चामडी वादी घेतली. किती सफाई होती त्याच्या गाठींना! त्या गाठी त्याला कुणी शिकवल्या, ते आता बांधून घेणाऱ्यालाच ठाऊक. पाजलेली वाईन लिबेरातोने लगेच ओकून टाकली, म्हणून तोंडात चामड्याचा तुकडा दिला. दियानोरा खालच्या टोकाला गुडघ्यांवर बसली आणि त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. तिथून तिला जखम दिसणार नव्हती. दिसणार होता फक्त सांते, कमरेपासून वर, आणि खिडकीतला पांढरा उजेड.

सांतेने क्रुसाची खूण केली. सुरी लावली.

चामड्याचा तुकडा पहिल्याच घावाला बाहेर पडला. लिबेरातो ओरडला, आणि दियानोराला असं झालं की हा आवाज आपण ओळखत नाही. एवढी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचा हा आवाज नव्हताच. त्याने आईला हाक मारली, जी त्याला आठवतही नव्हती. मग भावाला शिव्या घातल्या, कसाया म्हणाला, मग त्याच भावाचे पाय धरतो म्हणाला. "दादा, बस, पुरे, मरू दे मला, पण पुरे." बेर्तोने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. सांतेची पापणीही हलली नाही. त्याचा चेहरा कसा बंद झाला होता. डुक्कर कापताना असतो तसा. दियानोराने शपथ मनात घोकायला सुरुवात केली. आपल्याला ऐकूच येत नाही, असं ती स्वतःला सांगत होती आणि ऐकत होती.

"पिशवी दिसली," सांते स्वतःशीच म्हणाला. तो आणखी खाली वाकला. मग, "आहे की रे. आहे दार." त्याच्या आवाजात केवढं आश्चर्य! जणू भाऊ इतकी वर्षं थापा मारत होता आणि आज पहिल्यांदा खरा निघाला. त्याने सुरीचं टोक वळवलं. लिबेरातोचं सगळं अंग दोरांत असं उसळलं की फळा सरकला.

सांतेने अंगठ्याने दाबलं. पोटात गुरगुर झाली, ती दियानोरालाही ऐकू आली.

"गेलं!" सांते म्हणाला. "गेलं आत! बेर्तो, दोरा."

बेर्तोने मेणाचा दोरा ओवलेली सुई पुढे केली. दियानोराच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. सुटलो, असं तिला वाटलं.

आणि तेव्हाच लिबेरातो बोलला. ओरडला नाही, बोलला. आवाज घोगरा होता पण त्याचाच होता.

"थांब, दादा. आतडं बाहेर आहे. सगळं नाही गेलं. दोरा बांधू नकोस."

सांतेने सुई पिशवीच्या मुळाशी धरली.

"दादा, मागच्या बाजूला वळण राहिलंय. बांधू नकोस!"

"भावजी," दियानोरा म्हणाली, "ते काही सांगताहेत."

"बांधलेला बोलतोय," सांते म्हणाला.

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले. हा कोण बोलतोय? प्रेतांमध्ये तीन मोसम काढलेला वैद्य, की तो गवंडी, ज्याचा खडा आपोआप पडला होता? 'मीही खोटं बोलेन' असं त्यानेच बजावलं होतं. थांबवलं आणि तो खोटा असला, तर उघड्या जखमेतून रक्त जाईल. वेळ लागला की माणूस जातो, हे या घरातलं मांजरसुद्धा जाणतं. थांबवलं नाही आणि तो खरा असला, तर आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, तो दोरा त्याच्याच आतड्याभोवती आवळला जाणार होता. आणि मग पाद्री, आणि मग काहीच नाही. तिला ओरडावंसं वाटलं की मला हे विचारू नका, मला यातलं काही कळत नाही! पण तिला कुणी विचारतच नव्हतं. सुई आत शिरली आणि पलीकडून तिचं टोक बाहेर आलं.

दियानोराने डोकं सोडलं आणि उठून दोरा पकडला.

"सोड!" सांते किंचाळला. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फुटला. तिने दोरा सोडला नाही. "मूर्ख बाई, मारशील त्याला!"

"एक बोट घालून बघा."

"अगं, तो बांधलाय! बांधलेले सगळे हेच..."

"मला नियम सांगू नका! एक बोट, भावजी. मागच्या बाजूला. नसेल काही तर बांधा आणि मग मला घराबाहेर काढा, केस धरून काढा. पण एकदा बोट घाला."

सांतेने तिच्याकडे पाहिलं. तेव्हा तिला दिसलं की त्याचा तो बंद चेहरा नुसता वर वर बंद होता. खाली तो तिच्याइतकाच घाबरलेला होता. त्याने शिवी हासडली आणि बोट घातलं, फक्त तिला गप्प करायला.

बोट आत थांबलं. मग सांतेच्या तोंडाचा रंगच गेला.

"देवा," तो म्हणाला.

पिशवीच्या मागल्या घडीत आतड्याचा वळसा दडून बसला होता, बोटभर लांब. सुई त्याच्या अगदी कडेने गेली होती. सांतेने सुई मागे ओढली. बेर्तोने त्याचं मनगट सावरून धरलं, आणि दोघांनी मिळून तो वळसा दारातून आत लोटला. मग सांतेने पुन्हा बोट घातलं, आणि पुन्हा, आणि आणखी एकदा. मग कुठे दोरा आवळला. वृषणाला हात लावायचं तो विसरूनच गेला.

लिबेरातो केव्हाच बेशुद्ध झाला होता.

त्यानंतर जे दिवस आले, त्यांचं वर्णन करावं असं त्यात काही नाही. नुसती भीती होती, जेवणाच्या वेळची, झोपेच्या वेळची, दिवा लावतानाची. ताप चढला. जखमेतून पू आला. पाद्री गाउदेन्झिओ येऊन मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लावून गेले आणि जाताना डुकराची खारवलेली मांडी घेऊन गेले. सांते खाटेजवळून हलेना. दर थोड्या वेळाने भावाच्या पोटाला कान लावायचा. कारण त्याला आणि दियानोराला दोघांनाही ठाऊक होतं की सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. आतडं जिवंत असेल तर वारा सरेल. नसेल तर पोट फुगत जाईल.

सगळं घर एका पादाची वाट बघत बसलं होतं. हसू येतं आता, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. बेर्तोने तर त्यासाठी मेणबत्तीचा नवस बोलला होता. देवळात नेमकं कशासाठी म्हणून सांगितलं असेल, देव जाणे.

तो एका सकाळी आला, दियानोरा उशी बदलत असताना, चांगला लांब आणि खणखणीत. ती उशी छातीशी धरून उभीच राहिली. खाटेशी पेंगणारा सांते ताडकन जागा झाला.

"झाला का?" त्याने विचारलं. "तोच ना? का बाकडं वाजलं?"

"तोच," दियानोरा म्हणाली आणि रडायलाच लागली. सांते गुडघे टेकून भावाच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत होता आणि मधेच म्हणत होता, "असा तर पोपही पादला नसेल रे!"

लिबेरातो जगला. आणि तो उठून बसायच्या आतच सांतेने ती गोष्ट खोरंभर केली. डोकं खाली, डोळे मिटलेले, हातपाय बांधलेले, असा यमाच्या दारात पडलेला माझा भाऊ मला सांगतो की दादा, मागच्या घडीत वळण राहिलंय! त्याला दिसत नव्हतं, पण कळत होतं. मढी फाडतो म्हणून हसत होतात ना? मीही हसलो. त्या मढ्यांनीच त्याला शिकवलं हे! पाणवठ्यावरच्या बायका दियानोराला वाट करून देऊ लागल्या. परुजाहून एक झगेवाला डॉक्टर खेचरावरून आला, दार कुठे असतं ते विचारून गेला आणि जाताना चक्क वाकून नमस्कार करून गेला.

लिबेरातो हे सगळं ऐकायचा आणि भिंतीकडे तोंड फिरवायचा. दियानोराला वाटलं, अशक्तपणा असेल. मग एका दुपारी ती त्याला उन्हात बसवून दाढी करत होती. बाकी सगळे शेतावर होते.

"नोरा," तो म्हणाला, "मला काही कळलं नव्हतं."

"काय कळलं नव्हतं?"

"वळण. मागची घडी. मला काहीच जाणवत नव्हतं गं, नुसती आग होती सगळीकडे. मला फक्त तो थांबायला हवा होता. श्वास घेण्यापुरता तरी. आणि काय म्हटलं म्हणजे दादा थांबेल, हे मला माहीत होतं. वैद्याला कशाची भीती वाटते ते मला नाही कळणार तर कुणाला? तेच बोललो."

वस्तरा तिच्या हातातच राहिला. त्याच्या अर्ध्या गालावर साबण होता.

"म्हणजे खोटं बोललात?"

"हो. त्या गवंड्यासारखा. आणि ते खरं निघालं."

आपण दोरा पकडला तो कशाच्या जोरावर? कशाच्याच नाही. खाली काही नव्हतं, आणि त्यावर ती उभी राहिली होती. घडून गेलेल्या गोष्टीची एवढी भीती तिला ती घडतानाही वाटली नव्हती. "कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "सांतेदादांना तर मुळीच नको."

"नाही सांगणार. पण मी आता काय करू? बांधलेला बोलतो ते त्याला काही ठाऊक असतं म्हणून नव्हे, हे मला पक्कं कळलं. आणि तरी तो खरा असू शकतो, हेही कळलं. माझ्या फळ्यावर ओरडून गेले त्यांतले किती जण मी..." त्याचे हात मांडीवर होते, ते थरथरत होते. ज्या हातांवर हे घर उभं होतं, ते हात. तिने वस्तरा खाली ठेवला आणि दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले, पण ते थांबले नाहीत.

बर्फ वितळल्यावर पहिला रोगी आला. खालच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ, धिप्पाड, जांघेत आतडं अडकलेलं. पूर्वी अशाला कुणी प्रेचीत आणलंच नसतं. आता खाटेवर घालून आठ जणांनी डोंगर चढवून आणला, कारण इथे एक वैद्य दार उघडतो असं त्यांनी ऐकलं होतं. त्याची बायको दियानोराच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसली, जपमाळ घेऊन. वाचेल ना, वाचेल ना, एवढंच विचारत होती. दियानोरा तिला सूप देत होती आणि भिंतीला कान लावून होती. बेर्तोने गाठी मारल्या. सांते म्हणाला, "चल लिबो, दाखव यांना." मग मेंढपाळ ओरडला.

ओरडणं काही केल्या थांबेना. आईला, देवाला, बायकोला. बायकोने कानांवर हात घेतले. मग तो ओरडत म्हणाला, "थांबा! तिथे नाही, तिथे नाही, चुकताय तुम्ही!"

आणि पलीकडे सगळं शांत झालं. सुरी थांबली होती. दियानोराला ते दिसत नव्हतं, पण तिला कळलं, कारण सांते हलक्या आवाजात घाईघाईने म्हणत होता, "लिबो, काय करतोस? रक्त जातंय. बांधलेला आहे तो. लिबो!"

मग त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं असं काहीतरी तिने ऐकलं. तिचा नवरा त्या बांधलेल्या माणसाशी बोलत होता, आणि त्याचाही आवाज थरथरत होता.

"काय म्हणालास, बाबा? कुठे नाही? पुन्हा एकदा सांग."